पडद्याच्या पुढें आणि मागें

प्रवासांत मनुष्य ओळखावा, असें जाणते लोक म्हणत आले आहेत. त्याचा अर्थ आपण असा घेतों कीं, सोबत्याचा स्वभाव कळावयास त्याच्याबरोबर चार दिवस हिंडावें. परंतु प्रवासांत स्वतःची ओळखहि नव्यानें पटते, आणि ती नेहमींच सुखाची असते असें नाहीं, हें मला पन्नाशीनंतर विमानानें शिकविलें.

व्याख्यानें, परीक्षा-समित्या आणि परदेशीं राहणारी कन्या या निमित्तांनीं गेल्या १५ वर्षांत माझें विमानांतून जाणें-येणें पुष्कळ झालें. आम्ही असे वारंवार उडणारे लोक एकत्र जमलों कीं बोलणें हटकून एकाच विषयावर येतें: कोणत्या कंपनीचें आसन अधिक मागें कलतें, कोठें जेवण चिनी मातीच्या बशींत येतें, कोणाच्या लाउंजमध्यें स्नानाची सोय आहे. ज्या ईर्ष्येनें एके काळीं आम्ही ग्रंथकारांची तुलना करीत असूं, त्याच ईर्ष्येनें आतां ही तुलना चालते. तींत आपण नक्की काय मोजतों, हें मात्र कोणी विचारीत नाहीं.

माझ्या मतें विमानाच्या पुढच्या भागांत तीन वस्तू विकल्या जातात: सुख, सत्कार आणि अंतर.

पैकीं सुखाविषयीं तक्रार करण्याचें कारण नाहीं. मुंबईहून लंडनला जावयास ९-१० तास लागतात. ते १७-१८ इंच रुंदीच्या आसनांत अवघडून काढणें आणि सपाट होणाऱ्या बिछान्यावर निजून काढणें यांतील फरक, ज्याचे गुडघे दुखतात त्याला समजावून सांगावा लागत नाहीं. जागा अधिक व्यापली, भाडें अधिक दिलें; हिशेब सरळ आहे. वैराग्याचा आव आणून त्याची निंदा करणें हा दंभ होय.

सत्काराची गोष्ट थोडी निराळी. ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, आणि त्याची योग्यता न पाहतां त्याचें स्वागत करावें, अशी आपली कल्पना. विमानांत योग्यता आधीं पाहिली जाते. पुढें बसलेल्यास सेविका नांवानें हांक मारते, त्याचा कोट घेऊन टांगते. मागें तिच्याच सहकारिणी अरुंद वाटेनें ट्रॉली ढकलीत शेंदीडशें माणसांची सरबराई करतात. आर्ली होकशिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विदुषीनें १९८३ सालच्या आपल्या ग्रंथांत विमानसेविकांच्या कामाचा अभ्यास करून दाखविलें कीं, त्यांची प्रसन्नता हाहि श्रमच असतो; मनांत कांहींहि असो, चेहरा हंसरा ठेवण्याचें वेतन त्यांना मिळतें. हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे ‘अमक्या कंपनीच्या मुली अधिक हंसतमुख’ असें म्हणतांना जीभ अडखळावी. त्या कष्टाला उत्तर म्हणून आपण मान वर करून दोन शब्द बोललों कीं नाहीं, एवढाच भाग आपल्या हातचा आहे.

तिसरी वस्तु अंतर. आणि खरें दुखणें तेथें आहे. युरोपांतील जवळच्या प्रवासांत तें अगदीं उघडें दिसतें. तेथें अनेक कंपन्यांच्या विमानांत बिझनेस क्लासचें आसन मागच्यासारखेंच असतें. तिहींतील मधलें रिकामें ठेवतात, जेवण बरें देतात आणि एक पडदा ओढतात. तिकिटें खपतील त्याप्रमाणें तो पडदा पुढें-मागें सरकतो. काल जी ओळ थोरांची होती ती आज सामान्यांची होते! १८४९ सालीं ज्यूल द्युप्वी या फ्रेंच अभियंत्यानें आगगाडीच्या भाड्यांविषयीं लिहितांना हें वर्म ओळखलें होतें. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे तें खर्च परवडत नाहीं म्हणून नव्हे, तर दुसऱ्या वर्गाचें भाडें ज्याला झेपतें त्यानें तिसऱ्यांत बसूं नये म्हणून, असा त्याचा निष्कर्ष. आपल्याकडे २००६ मध्यें सुरू झालेल्या इंडिगोनें पुष्कळ वर्षें विमानांत एकच वर्ग ठेवला. २०२४ च्या अखेरीस तिनेंहि निवडक मार्गांवर पुढचा वर्ग आणला.

शिवाय हें अंतर केवळ रोख पैशानेंच मिळतें असें नाहीं. १९८१ च्या मे महिन्यांत अमेरिकन एअरलाइन्सनें प्रवाशाचे मैल मोजून बक्षीस देण्याची योजना काढली, आणि इतर कंपन्यांनीं लागलीच तिचें अनुकरण केलें. रुपेरी आणि सोनेरी कार्डें आलीं. या व्यवहाराला ‘निष्ठा’ म्हणतात. मात्र मुदतींत पुरेसे मैल भरले नाहींत तर ती निष्ठा रद्द होते.

असें एक सोनेरी कार्ड माझ्यापाशींहि होतें. तीन वर्षांपूर्वीं थोरली बहीण आणि मी मुंबईहून दिल्लीस निघालों. अक्का पंचाहत्तरीच्या घरांतली. विमानांत बसण्याची तिची दुसरीच वेळ. दाराशीं यंत्रानें माझा बोर्डिंग पास वाचतांच तेथील मुलीनें नवा पास हातीं दिला: मला पुढची जागा बहाल झाली होती. अक्काला नाहीं. ती जागा हिला द्या, असें मीं म्हणावयास हवें होतें. निदान मला नको, एवढें तरी. मी इतकेंच म्हणालों, “अक्का, तुझी जागा खिडकीची आहे, बरी आहे.” दोन तास मीं पडद्याच्या पुढें बसून गरम रुमालानें हात पुसले, आणि अशी सवलत दुसऱ्यास देतां येत नसावी असा नियम मनांतल्या मनांत रचला. उतरल्यावर अक्का म्हणाली, “तुला नीट जेवायला मिळालं ना रे?” आणि पिशवींतून माझ्यासाठीं राखलेला बेसनाचा लाडू काढला.

कोणीं आमचा अपमान केला नव्हता; कंपनीनें तर औदार्यच दाखविलें. अपराध माझा, आणि तो घडावयास किती थोडें मोल पुरलें! मला सुखाचा मोह होता असें म्हणावें, तर सुख देतां आलें असतें. माझें आसन अक्काला मिळून तें तितकेंच मऊ राहिलें असतें. मला हवें होतें तें चारचौघांतून निराळा काढला जाण्याचें समाधान, आणि तें दिल्याबरोबर नाहींसें होतें. ही कसोटी मला तेव्हांपासून उपयोगी पडली आहे: जी वस्तु शेजाऱ्यास देऊनहि वस्तु राहते ती निर्धास्तपणें घ्यावी, जी देतांच विरून जाते ती घेतांना सावध असावें.

त्या कार्डाची मुदत गेल्या वर्षीं संपली, आणि मीं तें पुन्हां मिळविलें नाहीं. पुढील खेपेस पदरच्या पैशानें पुढच्या वर्गाचें तिकीट काढावयाचें आहे, कारण अक्काचेहि गुडघे दुखतात. दोन परवडलीं तर दोघांचीं. एकच परवडलें तर तिचें.