कुऱ्हाड आणि ग्रंथ

५ जून हा संत बोनिफस यांचा स्मृतिदिन. जर्मनीचे प्रेषित म्हणून ख्रिस्तसभा त्यांना गौरविते. परंतु मुळात ते इंग्लंडमधील वेसेक्सचे अँग्लो-सॅक्सन मठवासी, विन्फ्रिड. इ. स. ७१९ मध्ये पोप दुसरे ग्रेगरी यांनी त्यांना बोनिफस हे नाव दिले आणि ऱ्हाईनपलीकडील लोकांकडे सुवार्तेसाठी धाडले. चित्रकार त्यांच्यापाशी बहुधा कुऱ्हाड किंवा तलवारीने भेदलेला ग्रंथ रेखाटतात. त्यांचे स्मरण करताना आपण या दोहोंपैकी कशाला वंदन करतो?

कुऱ्हाडीची कथा प्रसिद्ध आहे. सुमारे ७२३ साली हेसन प्रदेशातील गाइस्मार येथे मेघगर्जनेच्या देवाला वाहिलेला प्रचंड ओक वृक्ष त्यांनी जमावासमक्ष तोडला. देवाचा कोप झाला नाही. त्याच लाकडातून संत पेत्राच्या नावे प्रार्थनामंदिर उभे राहिले. या कृतीतील धैर्य आम्ही नाकारीत नाही. तथापि फ्रँक सत्ताधीश चार्ल्स मार्टेल याचे अभयपत्र बोनिफस यांना मिळाले होते, हेही विसरता येत नाही. पुढे विंचेस्टरचे बिशप डॅनिएल यांना लिहिलेल्या पत्रात, फ्रँक राजाश्रयावाचून आपणांस मूर्तिपूजा रोखता येत नाही, असे त्यांनी स्वतःच प्रांजळपणे मान्य केले. मग तो वृक्ष सत्याच्या बळाने पडला की सत्तेच्या?

याच डॅनिएल यांनी त्यांना आरंभीच निराळा मार्ग सुचविला होता: त्या लोकांना डिवचू नका, सौम्यपणे प्रश्न विचारा, म्हणजे ते स्वतःच विचार करू लागतील. हा मार्ग संथ खरा. पण दुसऱ्या मार्गाचा शेवट इतिहासाने दाखविला आहे. त्याच शतकात शार्लमेन राजाने सॅक्सन लोकांवर बाप्तिस्मा लादला, नाकारणाऱ्यास देहदंड ठरविला. तेव्हा यॉर्कच्या अल्क्विन या अँग्लो-सॅक्सन विद्वानानेच बजावले की माणसाला श्रद्धेकडे ओढून घेता येते, ढकलता येत नाही. जुन्या देवाच्या भयाची जागा नव्या राजाच्या भयाने घेतली, तर तिला श्रद्धा कसे म्हणावे?

आता ग्रंथाकडे वळू. सुमारे ऐंशीव्या वर्षी बोनिफस पुन्हा फ्रिसियात गेले. ७१६ साली याच भूमीतून त्यांना रिक्तहस्ते परतावे लागले होते. ५ जून ७५४ रोजी डोक्कम येथे ते नवदीक्षितांची वाट पाहत असता सशस्त्र टोळी चालून आली. सोबत्यांनी शस्त्रे उचलली. बोनिफस यांनी ती खाली ठेवावयास लावली. ते सोबत्यांसह मारले गेले. लुटारूंनी सोन्याच्या आशेने पेट्या फोडल्या, तो आत ग्रंथ! फुल्डा येथे जपलेल्या एका हस्तलिखितावर खोल वार आहेत. तो ग्रंथ त्यांनी अखेरच्या क्षणी मस्तकावर धरला होता, असे परंपरा सांगते.

गाइस्मार येथे त्यांच्या पाठीशी सत्ताधीश होता. डोक्कम येथे केवळ प्रभू. ख्रिस्तसभा त्यांचा सण पाळते तो डोक्कमच्या दिवशी, यात आम्हांस मोठा अर्थ दिसतो. अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली घोषित केले. शेजाऱ्याच्या श्रद्धास्थानाविषयी आपल्या घरात उपहासाचा शब्द निघतो, तेव्हा तीही कुऱ्हाडच असते. ती खाली ठेवावी. सत्याला आपल्या हाताचे बळ नको असते. आपले जीवन मात्र हवे असते.