शरीराची थरथर आणि आपले कर्म



26 डिसेंबर 2023. मध्यरात्रीच्या सुमारास चेन्नईच्या उत्तरेला, एन्नोर येथे, जहाजातून खत कारखान्याकडे अमोनिया नेणाऱ्या समुद्रातील पाइपलाइनमधून गळती झाली. पेरियाकुप्पम आणि आसपासच्या वस्त्यांतील लोक उग्र वासाने जागे झाले. डोळे चुरचुरू लागले, श्वास कोंडला, कोणाला उलट्या झाल्या, कोणी भोवळ येऊन पडले. माणसे मुलाबाळांना घेऊन अंधारात रस्त्यावर आली. अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले.

त्या रात्री खोकला कोणी ठरवून काढला होता का? अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो. म्हणून डोळे, नाक आणि घसा यांच्या ओलाव्याला तो आधी झोंबतो. डोळे पाण्याने तो धुऊन काढू पाहतात, छाती खोकून बाहेर टाकू पाहते. विचार जागा होण्याआधीच शरीर आपल्या रक्षणाला उभे राहिलेले असते.

तरीही अशा प्रसंगानंतर कित्येक जण स्वतःलाच कमी लेखतात. ‘सगळ्यांसमोर माझे हातपाय कापले’, ‘आता नुसता तसला वास आला तरी छाती धडधडते, मी भित्रा आहे.’ इतकी वर्षे नाम घेऊनही भीती गेली नाही, याचीही लाज वाटते. अशा साधकाने गीतेचा पहिला अध्याय पुन्हा उघडावा. अर्जुनाचे तोंड कोरडे पडले, अंगावर काटा आला, गांडीव हातातून गळू लागले. भगवंतांनी त्याला अंतःकरणाचे दौर्बल्य टाकून उठायला सांगितले. कोरड्या पडलेल्या तोंडाबद्दल बोल लावला नाही. आणि ज्याचे अंग असे थरथरले, त्यालाच गीता सांगितली.

मात्र येथेच एक पळवाटही आहे, तिच्यापासून सावध राहू या. राग आला की कानशिले तापतात, हे शरीराचे. त्या तापल्या कानशिलांनी घरच्या माणसाला टाकून बोलणे, हे आपले. ‘माझा स्वभावच तसा’ म्हणून ते शरीराच्या खात्यावर मांडता येत नाही. हिशेब चोख हवा: आपोआप घडले ते एका बाजूला, आपण केले ते दुसऱ्या बाजूला. थरथरत्या हातानेही शेजारच्या म्हाताऱ्या आजींचे दार ठोठावता येते. तो ठोठावणारा हात आपला.

हाच हिशेब दुसऱ्याबद्दलही ठेवावा. विषारी वायूने गुदमरलेल्याला ‘उगाच घाबरलात’ म्हणणे म्हणजे पाइपलाइन सांभाळण्याची ज्यांची जबाबदारी, त्यांचा भार पीडितांच्या माथी मारणे होय. एन्नोरचे लोक नंतर रस्त्यावर बसून जाब विचारत राहिले. तेही कर्मच होते.

या आठवड्यात एवढेच करू या. छाती धडधडली, डोळे भरून आले, घाम फुटला, तर स्वतःला दोष देऊ नये. एक श्वास सावकाश घ्यावा, सोडावा आणि मनाशी विचारावे, ‘हे शरीराने केले. आता मी काय करणार?’

रात्री झोपण्यापूर्वी त्या उत्तराचे चिंतन करावे.