कूर्मदृष्टी

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, ती कथा भागवताच्या अकराव्या स्कंधात आहे. नाथमहाराजांनी ती मराठीत आणून आपल्या घराघरांत पोचवली. पृथ्वी, वायू, आकाश, पाणी, अजगर, कबूतर, मासा, कोळी, कुंभारमाशी अशी ती यादी. त्यात कासव नाही. मी दोनतीनदा बोट ठेवून मोजले. बँकेतली जुनी खोड, बेरीज जुळल्याशिवाय चैन पडत नाही.

यादीत नसले तरी देवाच्या आधी आपल्याला भेटते ते कासवच. गाभाऱ्यासमोर फरशीत दगडी कासव असते. आपण त्याला हात लावून तो हात कपाळाला लावतो आणि मग पुढे जातो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी स्थितप्रज्ञाला कासवाचीच उपमा दिली. कासव जसे हातपाय आत ओढून घेते, तसा तो इंद्रिये विषयांतून आवरतो. शिवाय आपल्या संतांची कूर्मदृष्टी सर्वांना ठाऊक आहेच. कासवी नदीच्या या काठाला, पिले त्या काठाला, आणि ती नुसत्या नजरेने त्यांचे पोषण करते, तशी गुरूची शिष्यावर नजर असते. ही उपमा मी प्रवचनांत शेकडो वेळा ऐकली असेल, दोनचार वेळा मंदिरात स्वतः सांगितलीही आहे. खरे कासव मात्र मी कधी नीट पाहिलेले नव्हते.

आमच्या शेजारी पुसदला एक भाड्याचे बिऱ्हाड होते. त्यांनी वास्तूला चांगले म्हणून उत्तरेच्या बाजूला एका प्लास्टिकच्या टबात कासव ठेवले होते. आणले तेव्हा रुपयाएवढे होते म्हणे. गुरुवारी त्याच्या पाठीला हळदकुंकू लावायचे, टबात नाणी टाकायची. नंतर त्यांची मुले मोठी झाली, कौतुक सरले, टब मागच्या अंगणात गेला. मी रोज सकाळी परडीत फुले तोडताना कुंपणावरून तो टब बघत असे. तीन वर्षे बघत होतो. पाणी हिरवे व्हायचे, मग काळे व्हायचे, कधीतरी कोणी बदलायचे. माझ्या मनात एकदाही काही आले नाही. ज्येष्ठात त्यांची पुण्याला बदली झाली. सामानाचा ट्रक गेला, टब तिथेच राहिला. दोन वर्षे व्यवहार झाला नाही की बँकेत खाते निष्क्रिय म्हणून बाजूला पडते. पण खात्यातली रक्कम म्हणून काही नाहीशी होत नाही, ती आपली वाट बघत पडून असते. तसे ते पडून होते.

सौ. म्हणाली, "अहो, त्याला आणा तरी इकडे. उन्हानं मरंल ते." टब उचलून आमच्या मागच्या पडवीत ठेवला. एवढेच काय ते माझे पुण्य. पाणी बदलले, पोळीचे तुकडे टाकले. ते काही खाईना. डोळे मिटून, मान आत ओढून एका जागी बसून राही. येणारेजाणारे बघून म्हणत, "काय समाधी लावली आहे बघा! गेल्या जन्मीचा कोणी साधक असेल." मलाही ते पटे. गीतेतला श्लोकच डोळ्यांसमोर बसला आहे, असे मी एकदोघांना सांगितलेसुद्धा. आज आठवले की लाज वाटते.

दरम्यान एका स्नेह्यांनी सुचवले, की गुरुपौर्णिमेला माहूरला जाताच आहात, तर मातृतीर्थात सोडून द्या, जीवही सुटेल आणि तुम्हालाही पुण्य लागेल. खरे सांगतो, पुण्यापेक्षा सुटका हाच विचार मनात होता. झाकणाला भोके पाडलेल्या बादलीत कासव घेऊन मी एसटीत बसलो. धनोडा आले तसे वाटले, तळ्यात कशाला, पैनगंगा वाहती आहे, इथेच सोडू आणि मोकळ्या हाताने दत्तशिखर चढू. उतरलो. पुलाजवळ काठावर एक म्हातारा भोई जाळे नीट करत बसला होता. बादलीत डोकावून त्याने कासव उचलले, उलटेसुलटे केले.

"काकाजी, हे आपल्या नदीचं नाही जी. आपलं कासव मऊ पाठीचं असते. हे कुठलं आणलं?" मग त्याने अंगठ्याने त्याच्या डोळ्याजवळ हलकेच दाबले. "अन् हे तं आंधळं झालं. याले सोडून काय करता? दिसत नाही तं खाईल काय?"

मी म्हणालो, समाधीत आहे. तो माझ्याकडे बघतच राहिला. काही बोलला नाही.

मी पुन्हा रस्त्यावर आलो आणि उलट दिशेची बस पकडली. इतक्या वर्षांत गुरुपौर्णिमेचे माहूर चुकले ते त्या एकाच वर्षी. घरी आल्यावर दत्ताच्या तसबिरीसमोर दिवा लावला, पण जप काही लागला नाही.

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते आधी हसले, म्हणाले, आम्ही गाईबैलांचे डॉक्टर. पण भला माणूस, त्यांनी नागपूरच्या एका जाणकार डॉक्टरांना फोन लावला, फोटो पाठवले. डोळ्यांमागे लाल पट्टा आहे, म्हणजे हे अमेरिकेतले कासव, पिल्लू असताना दुकानात विकतात, हे त्यांनी लगेच ओळखले. समाधी वगैरे काही नव्हती. वर्षानुवर्षे नुसती सुकी कोळंबी खाऊन 'अ' जीवनसत्त्व कमी पडले होते, म्हणून पापण्या सुजून डोळे मिटले होते. हे कासव डोळ्यांनी बघून खाते, दिसले नाही की उपाशी राहते. पाठ एका बाजूने मऊ झाली होती, कारण ऊन नव्हते आणि बसायला कोरडी जागा नव्हती. जन्मभर पाण्यातच ठेवलेल्या जीवाला पाण्याबाहेर येऊन अंग सुकवावे लागते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. आणि मान आत ओढून बसे ते वैराग्याने नव्हे, भीतीने. पाठीचे कवच म्हणजे वर चढवलेली पेटी नव्हे. बरगड्या आणि पाठीचा कणाच त्यात जुळलेला असतो, स्पर्श त्याला कळतो. आपण त्याच्या हाडांवर हळदकुंकू थापत होतो.

वाचकहो, आपल्यापैकी कोणाच्या घरी असे कासव असेल म्हणून थोडे व्यवहाराचेही सांगतो. पाणी एवढे हवे की त्याला पोहता यावे, उलटे झाले तर वळता यावे. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मग वापरावे. विटांची उतरती पायरी करून कोरडी जागा द्यावी. ऊन थेट हवे, काचेतून आलेले कामाचे नाही, पण अर्ध्या टबावर सावली पाहिजेच. आपल्या यवतमाळच्या वैशाखात उघड्यावरचा टब म्हणजे चुलीवरचे पातेले. नाणी काढून टाकावीत, ते गिळते. पाठीला तेल, रंग काही लावू नये. लाल भोपळा, गाजर, हिरवा पाला द्यावा. औषधाची सुई मात्र डॉक्टरांच्याच हातून घ्यावी, ते जीवनसत्त्व जास्त झाले तरी बाधते. त्याचा टब स्वयंपाकघरात धुऊ नये आणि दर वेळी हात साबणाने धुवावेत, त्याच्या अंगावर पोटाच्या रोगाचे जंतू असू शकतात. अमेरिकेत याच कारणाने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवे विकायला बंदी आली. आपल्याकडे ते सोवळ्यात आधीच बसते, वेगळे शिकावे लागले नाही.

अडचण आली ती खाण्याची. त्याच्या गोळ्यांत माशाची भुकटी असते. आमच्या घरात अंडेही येत नाही. दोन दिवस मी डबा पिशवीतून काढलाच नाही. तिसऱ्या दिवशी सौ.नेच तो पडवीतल्या कोनाड्यात ठेवला. "त्याचं ताट त्याचं, आपलं आपलं. दत्तमहाराजांच्या पायाशी कुत्री असतात, ती काय वरणभात खातात?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

नदीत किंवा देवळाच्या तळ्यात कासव सोडणे, याबद्दल मात्र हात जोडून सांगतो. हे परदेशी कासव आपल्या कासवांचे खाणे आणि ऊन खायच्या जागा बळकावते, रोगही नेते. पुण्य म्हणून सोडायचे आणि पैनगंगेतल्या जीवांच्या तोंडचा घास काढायचा, असा तो हिशेब होतो. आणि कासव देशी असेल, मऊ पाठीचे, तर ते घरात ठेवणेच १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर कळवावे. नागपूरला सेमिनरी हिल्सवर अशा प्राण्यांच्या उपचाराचे केंद्रही आहे.

डॉक्टरांनी बोलताबोलता आणखी एक सांगितले आणि ते माझ्या जिव्हारी लागले. कासवी अंडी मातीत पुरते आणि निघून जाते, मागे वळून बघत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला, म्हणजे नाना फडणवीसांच्या गावी, समुद्री कासवी वाळूत अंडी घालून परत समुद्रात जाते. २००२ पासून तिथे सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना धरून ती अंडी जपली, पिले पाण्यापर्यंत पोचवली. मग संतांची उपमा खोटी का? मी त्यावर बरेच दिवस विचार केला. मला वाटते, संत कासवीविषयी सांगतच नव्हते, ते नजरेविषयी सांगत होते. नजरेने पोषण होते हे खरेच आहे. वेळासला ती नजर गावाची आहे. माझ्या शेजारी ती कोणाचीच नव्हती. मी तीन वर्षे कुंपणावरून बघत होतो, पण त्या बघण्याने एक घास त्याच्या पोटात गेला नाही. त्या भोयाने मात्र एकदाच पाहिले.

आश्विनात, घटस्थापनेच्या आधी, एका सकाळी त्याचा डावा डोळा उघडला. उजवा आठ दिवसांनी. भोपळ्याचा तुकडा पाण्यात पडला तसे ते त्याच्याकडे वळले आणि मी सौ.ला हाक मारली, ती पदराला हात पुसत धावत आली. समाधी उतरली म्हणून मी थट्टा केली, तर तिने माझ्याकडे असे पाहिले की मी गप्प बसलो.

त्या वर्षीच्या गुरुचरित्र सप्ताहात तिसऱ्या दिवशी पाण्याला वास येऊ लागला. मी आसनावर, वाचन अर्ध्यावर. पडवीतून टब ओतल्याचा आवाज आला आणि तिचा स्वर आला, "तुम्ही थांबू नका, मला इथं ऐकू येतंय."

आता एकच काळजी आहे. हे कासव वीसतीस वर्षे सहज जगते. मी सदुसष्टचा. मुलाला फोनवर विचारले, तो म्हणाला, "बाबा, फ्लॅटमध्ये कुठे ठेवू?" त्याचेही चूक नाही. आयुष्यभर मी लोकांना ठेवीला नॉमिनी लावा म्हणून सांगत आलो, आणि हेही सांगत आलो की नॉमिनी मालक नसतो, तो फक्त सांभाळणारा असतो. तेव्हा कासवासाठीही एक वही केली आहे. पाणी कधी बदलायचे, काय द्यायचे, डॉक्टरांचा नंबर, सगळे त्यात आहे. पहिल्या पानावर नॉमिनीच्या जागी समोरच्या घरातल्या आठवीतल्या मुलीचे नाव आहे, ती रविवारी टब धुवायला येते. नाव पेन्सिलीने लिहिले आहे. तिच्या वडिलांना अजून विचारायचे आहे.