झेंडा बदलणारे जहाज आणि कर्माचा कर्ता

समुद्रावर चालणाऱ्या प्रत्येक व्यापारी जहाजाला एका देशाचे राष्ट्रीयत्व असावे लागते. ज्या देशाच्या नोंदवहीत ते नोंदले जाते त्याचा झेंडा ते लावते आणि खोल समुद्रात त्याच देशाचा कायदा त्याच्यावर चालतो. जहाजाची तपासणी, खलाशांची पात्रता, अपघाताची चौकशी ही त्या देशाची कामे. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारातील ९१वे कलम सांगते की, जहाज आणि झेंड्याचा देश यांच्यात खरे नाते असले पाहिजे. ते नाते कशाने खरे ठरते हे मात्र करारात नाही. परक्या मालकांसाठी खुल्या असलेल्या नोंदण्यांचा धंदा याच मोकळ्या जागेत वाढला. लायबेरियाची नोंदणी प्रत्यक्षात अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून चालते. मंगोलियाला समुद्रकिनाराच नाही, तरी तिच्या झेंड्याखाली जहाजे फिरतात.

ज्या देशांच्या तेलावर निर्बंध आहेत, त्यांचे तेल वाहणारे टँकर या सोयीचा पुरेपूर उपयोग करतात. एका देशाने दबावाखाली जहाज नोंदणीतून काढले की ते दुसऱ्या देशाकडे जाते. त्याच वेळी जहाजाचे नाव बदलते आणि मालक म्हणून दाखवलेली कंपनीही बदलते. कधी तर नोंदणीच खोटी असते. आपला झेंडा परवानगीशिवाय लावला गेल्याचे गयानाला २०२५ मध्ये जाहीर करावे लागले.

महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण मुंबईच्या भांडुपमध्ये सापडते. गतिक शिप मॅनेजमेंट या कंपनीचा पत्ता तिथल्या एका मॉलमधला होता. २०२१ मध्ये तिच्याकडे दोनच टँकर होते. २०२३ च्या वसंतापर्यंत ताफा पन्नासाच्या वर गेला आणि त्यातला मोठा भाग रशियन तेल वाहू लागला. सात प्रगत देशांच्या गटाने डिसेंबर २०२२ पासून रशियन कच्च्या तेलावर पिंपामागे ६० डॉलरची कमाल किंमत लादली होती, आणि ती मोडली जात असल्याचा संशय या ताफ्यावर होता. तो संशय होता, निकाल नव्हे. तरी एप्रिल २०२३ मध्ये सेंट किट्स आणि नेव्हिसने तिची ३६ जहाजे नोंदणीतून काढली आणि जहाजांना प्रमाणपत्रे देणाऱ्या लॉइड्स रजिस्टर या संस्थेने ती मागे घेण्याचे ठरवले. पुढच्या काही महिन्यांत ताफा वेगवेगळ्या नावांच्या कंपन्यांमध्ये विखुरला आणि बरीच जहाजे गॅबॉनसारख्या झेंड्यांखाली गेली. लोखंड तेच, इंजिन तेच, अनेकदा टाक्यांत भरायचे तेलही त्याच देशाचे. फक्त कागद नवे.

इथे एक फार जुना प्रश्न उभा राहतो. नाव, मालक आणि राष्ट्र बदलल्यावर जहाज तेच राहते का, आणि राहत असेल तर आधीच्या नावाने केलेले कर्म नव्या नावाला चिकटते का? या प्रश्नाचे सर्वांत नेमके विवेचन बौद्ध परंपरेत मिळते. यवन राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादात रथाचा प्रसिद्ध दाखला आहे: चाके, आस, जू यांतले काहीही सुटे घेतले तर तो रथ नव्हे, आणि हे सारे वगळून उरणारा वेगळा रथही नाही. एवढ्यावर थांबले तर कर्माचा धनीच नाहीसा होईल. म्हणून नागसेन आंबेचोराचा दाखला देतो. दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरणारा म्हणतो, मालकाने लावले ते आंबे वेगळे, मी तोडले ते वेगळे, मग माझा दोष काय? राजाही मान्य करतो की हा बचाव टिकत नाही, कारण तोडलेले आंबे लावलेल्या आंब्यांपासूनच झाले आहेत. झेंडा बदलणाऱ्या मालकाचा बचाव याच चोराचा आहे. नागसेनाच्या उत्तराची ताकद अशी की, जबाबदारी ठरवायला त्याला न बदलणारा आत्मा लागत नाही. कारण आणि कार्य यांची न तुटलेली साखळी पुरते.

जहाजांच्या जगाने हेच उत्तर, बहुधा नकळत, स्वीकारले आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९८७ मध्ये जहाजांना सात अंकी क्रमांक देण्याची योजना आणली. १९९६ पासून ती मोठ्या जहाजांना बंधनकारक झाली. नाव, झेंडा, मालक काहीही बदलले तरी जहाज भंगारात जाईपर्यंत क्रमांक बदलत नाही. तो जहाजाच्या सांगाड्यावर कायमचा कोरावा लागतो. पुणे जिल्ह्यातल्या मावळात, कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर, दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्यांची नावे अशीच दगडात कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकटाचे यवनही आहेत. दान दिले आणि दात्याचे नाव पुसले, असे तिथे झालेले नाही. पुण्य ज्याचे त्याच्या नावे राहावे ही त्यामागची श्रद्धा, आणि दोषालाही तोच नियम लागतो.

साखळी सापडली तरी कर्ता कोण, हा प्रश्न उरतो, आणि तो अधिक अवघड आहे. टँकरचा कागदोपत्री मालक एका बेटावरची एकाच जहाजापुरती कंपनी असते, व्यवस्थापक दुसऱ्या शहरात, विमा तिसऱ्या देशाचा, झेंडा चौथ्याचा, तेल पाचव्याचे. प्रत्येकाला म्हणता येते की आपण फक्त एक तुकडा केला. गीतेचा अठरावा अध्याय कर्माची पाच कारणे सांगतो: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, विविध चेष्टा आणि दैव. आपणच सारे केले असे मानणाऱ्याचा अहंकार खोडण्यासाठी ही मांडणी आहे. मात्र तिचा उलट वापर करून ‘मी काहीच केले नाही’ असे कोणी म्हणू लागला, तर तो गीतेच्या विरुद्ध जातो. कर्तृत्वाचा अभिमान सोडणे आणि कर्तृत्व लपवणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त कर्माची परीक्षा बाह्य फळावरून न करता कर्त्याच्या बुद्धीवरून करावी, असा भर दिला. त्या कसोटीने पाहिले तर झेंडा बदलणे ही स्वतः निर्दोष कृती आहे. जहाज विकले गेले की ती होतेच. पण पकडले जाऊ नये एवढ्याचसाठी वर्षातून अनेकदा ती केली, तर बुद्धी आपोआप उघडी पडते.

कर्ता हाती लागत नाही म्हणून कायद्याने एक धाडसी वाट काढली: जहाजालाच व्यक्ती मानायचे. भारतात देवस्थानाच्या मूर्तीला कायदा व्यक्ती मानतो. तिच्या नावे जमीन असते, तिच्या वतीने दावा चालतो. जहाजावर चालणारा दावाही याच जातीचा आहे. फेब्रुवारी १९८४ मध्ये ‘एलिझाबेथ’ नावाचे परदेशी जहाज गोव्यातल्या मुरगाव बंदरातून माल घेऊन गेले आणि मालाच्या पावत्या न देताच ते संयुक्त अरब अमिरातीत पोहोचले. गोव्याच्या व्यापारी कंपनीला दाद मागायला परदेशी मालक हाताशी नव्हता. ते जहाज विशाखापट्टणमला आले तेव्हा तिथे ते अडवून ठेवण्यात आले, आणि १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना असा अधिकार असल्याचे ठरवले. मालक अदृश्य असला तरी कर्माचे साधन हाती लागते आणि त्याला उत्तर द्यायला लावता येते. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने ही तडजोड आहे, कारण साधनाला हेतू नसतो. पण अन्यायग्रस्ताला रिकाम्या हाताने परत पाठवण्यापेक्षा ती निश्चित बरी.

निर्बंध स्वतः न्याय्य असतात का, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. भारत सरकार फक्त संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध मानते. अमेरिका किंवा युरोप यांनी एकतर्फी लादलेले निर्बंध मानण्याचे बंधन भारतावर नाही. अशा निर्बंधांची झळ राज्यकर्त्यांपेक्षा सामान्य माणसांना अधिक बसते, ही तक्रार इराणमधून वर्षानुवर्षे होत आली आहे आणि ती खोटी म्हणता येत नाही. अन्यायी नियम मोडणे हे पाप नाही, कधी ते कर्तव्यही असते. मग टँकरचा मालक आणि सत्याग्रही यांत फरक कोणता?

याचे उत्तर पुणे जिल्ह्यातच, मुळशीत सापडते. निळा आणि मुळा नद्यांच्या खोऱ्यातली गावे बुडवून टाटांच्या वीजकंपनीचे धरण होणार होते. मुंबईला वीज मिळणार होती आणि मावळ्यांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार सरकारकडे होता. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, शेकडो मावळे धरणाच्या जागी गेले आणि त्यांनी काम अडवले. हा कायदेभंग दिवसाढवळ्या, आधी सांगून केला होता. अडवणारा कोण, कोणत्या गावचा, कशासाठी आला, हे सरकारला शोधावे लागले नाही. पुढे सेनापती बापटांनी ‘शुद्ध सत्याग्रह’ या नावाखाली मालमत्तेची नासधूसही मान्य केली. गांधीजींच्या अहिंसेशी ते जुळत नव्हते आणि त्यावर आजही मतभेद आहेत. पण धरणाच्या कामाची रेल्वे अडवल्याबद्दल बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी भोगली. कर्म आणि कर्ता एकमेकांपासून तुटले नाहीत.

मुळशीच्या याच इतिहासात उलट बाजूही आहे. अनेक जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या. कागदावरचा हक्क त्यांचा, नांगर मावळ्यांचा. नुकसानभरपाई घेण्याकडे सावकारांचा कल होता आणि बुडणार होती ती मावळ्यांची घरे. कागदावरचा मालक आणि भोगणारा माणूस वेगळे असले की न्याय कुठे चुकतो, हे विनायकराव भुस्कुट्यांनी लिहिलेल्या त्या लढ्याच्या इतिहासातून कळते.

समुद्रावर भोगणारा माणूस म्हणजे खलाशी. १ मे २०२३ रोजी मलेशियाजवळ ‘पाब्लो’ नावाच्या रिकाम्या टँकरचा स्फोट झाला. तो १९९७ मध्ये बांधलेला होता, त्याची अनेक नावे बदलली होती आणि स्फोटाच्या वेळी त्यावर गॅबॉनचा झेंडा होता. २८ खलाशांपैकी तिघे बेपत्ता झाले. जबाबदारी घ्यायला पुढे येईल असा मालक वा विमेदार नव्हता, म्हणून जळालेला सांगाडा महिनोन्‌महिने समुद्रात पडून राहिला. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नोंदीनुसार २०२४ मध्ये ३१२ जहाजांवरचे ३,१३३ खलाशी मालकांनी वाऱ्यावर सोडले, आणि त्यांत सर्वांत जास्त, ८९९, भारतीय होते. पगार बुडाला, अन्न संपले, की दाद कोणत्या देशाकडे मागायची हेच ठरत नाही, कारण ज्याने झेंडा दिला तो देश जहाजाला ओळखत नाही.

म्हणून निर्बंध न्याय्य की अन्याय्य, हा वाद झेंडा बदलण्याचा दोष ठरवायला पुरेसा नाही. निर्बंध पूर्ण अन्यायी मानले तरी लपवण्याची किंमत निर्बंध लादणारा देश देत नाही. ती खलाशी देतो, आणि तेल सांडले तर किनाऱ्यावरचा कोळी देतो. मावळ्यांनी आपल्या कायदेभंगाची किंमत स्वतः मोजली होती.

भारताच्या २०२५ च्या नव्या व्यापारी नौवहन कायद्याने राष्ट्रीयत्व नसलेले जहाज भारतीय हद्दीत अडवून ठेवण्याची तरतूद केली. सागरी करारातील ९२वे कलम सोयीनुसार दोन झेंडे वापरणाऱ्या जहाजाला राष्ट्रहीन समजण्याची मुभा आधीच देते. या तरतुदी जहाजापर्यंत पोहोचतात; मालकापर्यंत पोहोचायला प्रत्येक नोंदणीत कंपनीमागचा खरा माणूस लिहिला जावा लागेल, आणि खुल्या नोंदण्या विकणारे देश आजवर ते टाळत आले आहेत. या सगळ्या साखळीत स्वतःचे नाव बदलू न शकणारा एकच जण आहे. खलाशाच्या सीडीसीत, म्हणजे त्याच्या नोकरीच्या पुस्तिकेत, प्रत्येक जहाजाची नोंद त्याच्या एकाच नावाखाली होते आणि पुढची नोकरी मागताना ती पुस्तिका त्यालाच दाखवावी लागते.