निसर्गाचे देणे

विल्यम वर्डस्वर्थची कहाणी बहुधा एका उतरणीसारखी सांगितली जाते. तरुणपणी निसर्गाने झपाटलेला, फ्रेंच राज्यक्रांतीने भारावलेला कवी. पुढे १८१३ मध्ये मुद्रांकांच्या वाटपाची सरकारी नेमणूक, १८४३ मध्ये राजकवीपद आणि तोवर आटलेली प्रतिभा. कवी शेलीने तर तो हयात असतानाच, १८१६ मध्ये, गेलेल्या माणसासाठी हळहळावे तसे सुनीत त्याच्यावर प्रसिद्ध केले. कवितेपुरती ही उतरण मान्य करावी लागते; पण कवितेबरोबर निसर्गाशी असलेले नातेही आटले, हा निष्कर्ष घाईचा आहे. ‘देणे’ म्हणजे लाभलेले दान, आणि ‘देणे’ म्हणजे फेडायचे कर्जही. वर्डस्वर्थचा प्रवास पहिल्या अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे झाला.

दानाचा हिशेब त्याने स्वतःच मांडून ठेवला आहे. १७९८ च्या जुलैत, पाच वर्षांनी वाय नदीच्या काठी परतल्यावर टिंटर्न ॲबीवरच्या कवितेत तो आपल्या वयाचे टप्पे वेगळे करतो: लहानपणीचे शारीरिक हुंदडणे, तेविशीतली बेभान ओढ, आणि आता निसर्गातच ऐकू येणारा माणसांच्या दुःखाचा सूर. मधल्या काळात शहरात तगवले ते या दृश्याच्या आठवणीने, असेही तो म्हणतो. डॅफोडिल्सच्या कवितेत हीच रीत दिसते. १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर तळ्याच्या काठी ती फुले त्याने बहीण डॉरथीसोबत पाहिली. तिच्या रोजनिशीत सोसाट्याचा वारा आहे, आणि दमून दगडांवर माना टेकलेली काही फुलेही आहेत. दोन वर्षांनी झालेल्या कवितेत बहीण नाही, दमलेले एकही फूल नाही. तिथे कवी एकटा आहे आणि सगळी फुले नाचताहेत. कवितेचा शेवटही तळ्याकाठी होत नाही. तो घरात, कोचावर पडल्या पडल्या होतो. निसर्ग इथे गाठीला बांधलेली पुंजी आहे.

ही पुंजी पुरणार नाही, हे १८०५ च्या फेब्रुवारीत कळले. ५ तारखेला ईस्ट इंडिया कंपनीचे बंगाल आणि चीनकडे निघालेले जहाज वेमथजवळ बुडाले. अडीचशेहून अधिक माणसे गेली, त्यांत कप्तान असलेला त्याचा धाकटा भाऊ जॉनही होता. पुढच्या वर्षी जॉर्ज बोमंटने रंगवलेल्या पील किल्ल्याच्या वादळी चित्रावर त्याने कविता लिहिली. पूर्वी आपण हे चित्र काढले असते तर समुद्र शांत दाखवला असता, ही त्यातली कबुली निर्णायक आहे. निसर्ग आपला विश्वासघात करत नाही, ही टिंटर्नची श्रद्धा इथे मोडते. श्रद्धा मोडल्यावर त्याने पाठ फिरवली असती तर प्रचलित कहाणी खरी ठरली असती.

त्याने तसे केले नाही. १८१० मध्ये दुसऱ्याच्या चित्रसंग्रहाला प्रस्तावना म्हणून लिहिलेले सरोवर-प्रदेशाचे (लेक डिस्ट्रिक्टचे) वर्णन तो पंचवीस वर्षे वाढवत राहिला. त्या गद्यात आत्म्याच्या उन्नतीपेक्षा झाडांची आणि भिंतींची चर्चा अधिक आहे. नफ्यासाठी डोंगरावर लावलेले लार्च त्याला खुपतात. तिथले मूळचे ओक, ॲश, बर्च त्याला हवे आहेत. चुन्याने पांढरीफेक केलेली घरे दरीचा रंग बिघडवतात, अशी त्याची तक्रार आहे. ज्याला डोळे आणि हृदय आहे अशा प्रत्येकाचा या प्रदेशावर हक्क आहे, ही राष्ट्रीय मालमत्तेची कल्पनाही त्यातच येते. ‘निसर्ग मला काय देतो’ हा प्रश्न मागे पडून ‘त्याचे काय बिघडते आहे’ हा प्रश्न पुढे आला आहे.

यावर आक्षेप ठरलेला आहे. याच माणसाने १८४४ मध्ये त्या प्रदेशात येऊ घातलेल्या केंडल–विंडरमिअर रेल्वेला विरोध केला, आणि गिरणगावांतल्या कामगारांनी आधी आपल्या गावाजवळच्या शेतांत फिरावे, असे सुचवले. सरोवर-प्रदेशाच्या स्वतःच्याच वर्णनाने पाहुणे बोलावायचे आणि गरिबांची गाडी अडवायची, हा दुटप्पीपणाच. त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. मात्र हा दोष नाते विझल्यामुळे आलेला नाही. सौंदर्याची दृष्टी सावकाश, दीर्घ सहवासानेच घडते, या त्याच्या जुन्या समजुतीचे ते कडवट टोक आहे. ज्याला सहवासाची सवड नाही त्याला दान मिळणार नाही, असे तो धरून चालला. रेल्वे १८४७ मध्ये आलीच. १९५१ मध्ये तो प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला, तेव्हा त्याची राष्ट्रीय मालमत्तेची कल्पना कायद्यात उतरली, पण गाडीने येणाऱ्यांना वगळून नव्हे. कर्ज त्याने नेमके ओळखले होते. त्यात सगळ्यांचा वाटा आहे, हे लिहूनही त्याला पेलले नाही.