उसने दिलेले नाव

नळदुर्ग-उमरगा परिसरातील लोकांना मुंबईपेक्षा हैदराबादचे विमानतळ जवळ. आपल्या धाराशिव जिल्ह्यातील असाच एक बंधू आखाती देशातून सुटीवर घरी निघाला आहे, अशी कल्पना करा. दुबईत विमानाला अद्याप अवकाश आहे. ड्यूटी फ्री दुकानातून तो आईसाठी खजूर आणि मुलांसाठी चॉकलेट घेतो. यात गैर काहीच नाही. भेट दिल्याने परस्परांतील प्रेम वाढते, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे.

इतक्यात एक सहप्रवासी जवळ येतो. "भाऊ, तुम्ही पीत नाही ना? मग तुमच्या वाट्याचे दोन लिटर माझ्यासाठी घ्या. पैसे माझे, नाव फक्त तुमचे."

याचे उत्तर अवघड नाही. हदीसमध्ये मद्य पिणाऱ्याबरोबरच ते विकत घेणाऱ्याचा आणि वाहून नेणाऱ्याचाही धिक्कार आहे. पण त्याच माणसाने अत्तराच्या दोन पेट्या पुढे केल्या आणि "दुकानात विकायच्या आहेत, कस्टमपुरत्या तुमच्या बॅगेत ठेवा," असे म्हटले तर? अत्तर हलाल आहे, शिवाय प्रेषितांना प्रिय होते. मग अडचण कोठे आहे?

अडचण वस्तूत नाही, नावात आहे. १९४७ साली आयर्लंडमधील शॅनन विमानतळावर असे पहिले दुकान निघाले. देशाबाहेर जाणाऱ्या मालावर त्या देशाने कर घेऊ नये, हे त्यामागचे तत्त्व. मायदेशी परतताना मात्र आपल्या देशाचा नियम लागू होतो. भारताच्या २०१६ च्या नियमांत सर्वसाधारण सवलत ५०,००० रुपयांची होती. अशी सवलत प्रवाशाच्या स्वतःच्या सामानासाठी असते, व्यापाराच्या मालासाठी नव्हे. ग्रीन चॅनलमधून चालत जाणारा प्रवासी तोंडाने काही बोलत नाही; तरी 'हे सामान माझे आहे' अशी साक्ष त्याची पावले देत असतात. खोट्या साक्षीची गणना प्रेषितांनी महापातकांत केली आहे.

कोणी म्हणेल, सरकारचा थोडा कर बुडाला तर बिघडले काय? सूरह अल्-माइदाच्या आरंभीच श्रद्धावंतांना करार पाळण्याचा आदेश आहे. पासपोर्ट घेऊन सीमा ओलांडणे हाही एक करारच होय. शिवाय कर भरून तेच अत्तर विकणारा आपल्याच बाजारपेठेतील प्रामाणिक दुकानदार या व्यवहारात नाडला जातो. त्याचा हक्क आपण कोणत्या अधिकाराने दुसऱ्याला देणार?

खरी कसोटी भिडेची आहे. परक्या मुलखात आपल्या भाषेत बोलणाऱ्याला नकार देणे जड जाते. परंतु साहाय्य सत्कार्यात करावे, पापात नव्हे, ही मर्यादा त्याच सूरहमध्ये आखून दिलेली आहे. त्याची बॅग उचलायला हात द्या, त्याला आपल्या डब्यातले खाऊ घाला. नाव मात्र उसने देऊ नका. पैसा उसना दिला तर परत मिळू शकतो. आपल्या नावावर नोंदलेल्या कृत्याचा जाब मात्र आखिरतमध्ये आपल्यालाच द्यावा लागेल.

अल्लाह आपणा सर्वांना नम्रपणे नकार देण्याचे बळ देवो. आमीन.