छिद्रान्वेषण

दुसऱ्याचे दोष हुडकण्यास आपण छिद्रान्वेषण म्हणतो. परंतु खरोखरीच्या छिद्राचे अन्वेषण प्रामाणिकपणे करू गेल्यास ते किती कठीण, हे आरे-वारेच्या पुळणीवर ध्यानात येते. तेथे आरपार भोक असलेला खडा हाती लागला, की 'हा प्राचीन मणी' असे म्हणण्याचा मोह कोणास होणार नाही? पण कोकणचा जांभा मुळातच सच्छिद्र, आणि दगड पोखरणारे जीवही समुद्रात असतात. तेव्हा नुसते भोक ही मनुष्याच्या हाताची साक्ष नव्हे.

जेथे मनुष्याच्या हाताविषयी शंका नाही, तेथेही प्रश्न सुटत नाही. तेर म्हणजे सातवाहनकालीन तगर. येथील माल गाड्यांतून भडोचला जाई, असे 'पेरिप्लस' सांगतो. अशा गावाच्या पांढरीत सापडलेली सच्छिद्र दगडी चकती मणी असेल, चातीची असेल, किंवा जाळ्याचे वजन असेल. भोक दोहोंकडून कोरले असल्यास मध्ये अरुंद राहते. चातीच्या चकतीचे भोक नेमके मध्यावर लागते, एरवी चाती डगमगते. दोरी कड झिजविते. इतके दगड सांगतो. पण मोडक्या चातीची चकती एखाद्या आईने मुलाच्या गळ्यात बांधली असेल, तर ते तो सांगत नाही.

1938 मध्ये पाँपेई येथे एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती तेरलाही मिळाली आहे. पाँपेईच्या मूर्तीस प्रथम लक्ष्मी म्हटले, पुढे यक्षी. तिच्या मस्तकातून खाली गेलेले छिद्र आरशाच्या मुठीसाठी, की आसनाच्या पायासाठी, याविषयीही मतभेद झाले. एक गोष्ट मात्र निश्चित: इ. स. 79 च्या राखेखाली ती होती, म्हणून तिचा काळ त्यापुढचा नाही. ही साक्ष मूर्तीची नव्हे, तिच्या जागेची.

नाव देणे म्हणजे निवाडा देणे होय. न्यायासनापुढे आरोपीस निदान बोलता येते. मृतांना तीही सोय नाही. म्हणून नावच देऊ नये काय? तसे केल्यास ज्ञानच खुंटेल. नाव द्यावे, पण ते मागे घेण्याची तयारी ठेवून; आणि वस्तूची जागा नोंदविल्यावाचून ती खिशात घालू नये. कारण चुकीचे नाव उद्या कोणी सुधारील. पुसलेली जागा कोणासही पुन्हा मांडता येणार नाही.

जिवंत माणसांचीही छिद्रे आपण अशीच पाहतो. ती कशाने पडली, त्यांतून कोणता धागा गेला होता, हे विचारण्यापूर्वीच नाव देऊन मोकळे होतो.